डिस्क पुसून स्थापना करा

१

ज्योतीरामची दुसरी पाळी. ती तीनला सुरू व्हायची, पण कंपनीची बस डांगे चौकातून दीडलाच निघायची आणि सव्वादोनच्या सुमाराला चाकणच्या गेटासमोर माणसं ओतून मोकळी व्हायची. मधला पाऊण तास चहाचा. त्या दिवशी त्यानं चहा मागवला खरा, पण तो निवून त्यावर साय धरली तरी त्याचं लक्ष नव्हतं. टपरीमागच्या प्लास्टिकच्या टेबलावर निरंजनचा लॅपटॉप उघडा होता आणि त्याला ज्योतीरामनं आणलेला पेनड्राइव्ह लावलेला होता.

निरंजन कंपनीच्या आयटी विभागातला, पस्तिशीचा, अंगानं आडवा आणि बोलायला मोकळा माणूस. मेंटेनन्सच्या ज्योतीरामकाकांचा तो मान ठेवायचा. पेनड्राइव्ह गेटाच्या आत न्यायला बंदी, म्हणून हा उद्योग बाहेर चालला होता.

"ऐका काका. तिचं विंडोज मेलंय," निरंजन म्हणाला आणि त्यानं जीभ चावली. "म्हणजे बंद पडलंय. डिस्क ठीक असणार. आपण ह्या पेनड्राइव्हवर लिनक्स चढवायचं, विंडोजसारखंच असतं ते. लॅपटॉप चालू करताना हा लावला की तो ह्याच्यावरूनच उठतो, डिस्कला हात लावत नाही. मग आत शिरायचं आणि तिच्या फाइली बाहेर काढायच्या."

"पुसलं जाणार न्हाई ना काई?"

"लॅपटॉपमधलं नाही. पेनड्राइव्हवरचं मात्र सगळं जाईल. आहे का काही त्यात?"

काही नव्हतं. तो करिष्माच्या बॅगेत, चार्जरच्या कप्प्यात सापडला होता. उघडून पाहिला तर रिकामा.

करिष्मा ज्योतीरामची एकुलती एक. तळवड्याच्या आयटी पार्कात नोकरीला होती. गेल्या वर्षी श्रावणात ऑफिसातून परतताना तिच्या स्कूटीला डंपरची धडक बसली. ती जागच्या जागी गेली. पाठीवरचा लॅपटॉप मात्र एक कोपरा दबून वाचला. फोटो हवे तितके होते, फोनमध्ये, भिंतीवर, पाहुण्यांकडे. नव्हता तो आवाज. पंधरा दिवसांपूर्वी रुक्मिणीबाई भाकरी थापता थापता थांबली आणि नवऱ्याला म्हणाली, "अवो, तिचा आवाज आठवंना झालाय मला. तोंड दिसतंय, व्हट हलत्यात, पर आवाजच येईना." ज्योतीरामनं डोळे मिटून पाहिलं. त्यालाही येईना. बाप म्हणून इतकी लाज त्याला जन्मात कधी वाटली नव्हती.

आवाज असला तर त्या लॅपटॉपमध्ये होता. करिष्मानं आईच्या स्वयंपाकाचे अकरा व्हिडिओ काढले होते. ते ती कुठंतरी टाकणार होती, ते राहून गेलं. त्यात दिसायचे फक्त रुक्मिणीबाईचे हात; विचारणारी, हसणारी, मधेच आईला चिडवणारी करिष्मा कॅमेऱ्यामागं. डांगे चौकातला दुकानदार "फॉरमॅट मारावा लागेल" म्हणाला तेव्हा ज्योतीरामनं लॅपटॉप त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच आणला होता.

"हे तुम्हीच करा काका, म्हणजे ध्यानात राहील," म्हणत निरंजननं लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. लिनक्सची फाइल निवडली, पेनड्राइव्ह निवडला. खाली एक चौकट होती, ड्राइव्हला नाव द्यायची.

"हितं काय लिहू?"

"राहू द्या आहे ते."

पण बिननावाचं काही ठेवणं ज्योतीरामच्या हाताला जमतच नसे. त्याच्या विभागात पान्यापासून तेलाच्या बरणीपर्यंत प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी होती. लॅपटॉप करिष्माचा, पेनड्राइव्ह करिष्माचा. त्यानं एका बोटानं, इंग्रजी मोठ्या अक्षरांत तिचं नाव लिहिलं. सगळा डेटा नष्ट होईल, अशी ताकीद आली. त्यानं ओके दाबलं.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्यानं लॅपटॉप आतल्या खोलीतल्या टेबलावर मांडला. थेरगावातला दोन खोल्यांचा फ्लॅट. खाली घंटागाडी गाणं वाजवत गेली, शेजारच्यांचा मिक्सर सुरू झाला, स्वयंपाकाच्या ओट्यावर कुकरनं पहिली शिट्टी दिली.

निरंजननं लिहून दिलं होतं तसं ते झालं. काळा पडदा, पांढऱ्या ओळी, मग प्रश्न: लिनक्स वापरून पाहायचं की स्थापित करायचं? त्यानं वापरून पाहायचं निवडलं. तडा गेलेल्या स्क्रीनवर निळंजांभळं चित्र उमटलं. डिस्क दिसली, डिस्कमध्ये करिष्माच्या नावाचा फोल्डर, त्यात 'आईचं ताट', त्यात अकरा फाइली. करडईची भाजी. धपाटे. शेंगाचटणी. खाली आणखी आठ.

रुक्मिणीबाई ओल्या हातांनीच दारात आली. "हाय का?"

"हाय. अकराच्या अकरा."

तिनं पदरानं हात पुसले आणि एक बोट हलकेच त्या नावांवरून फिरवलं. व्हिडिओ मात्र चालेनात. ते चालवायला लागतं ते काहीतरी ह्या लिनक्समध्ये नव्हतं. बाहेर काढावेत तर लॅपटॉपच्या दबलेल्या कडेला पेनड्राइव्ह लावायची एकच जागा शाबूत, आणि तिथं हाच बसलेला. निरंजननं फोनवर सांगितलं, एकाचे चार करणारा हब मिळतो, तो बुधवारी आणून देतो, गुरुवारी तुमची सुट्टीच आहे. ज्योतीरामनं लॅपटॉप नीट बंद केला. बऱ्याच महिन्यांनी त्या दिवशी दोघं जेवताना एकमेकांशी बोलली.

३

गुरुवारपर्यंत वाट पाहायची होती. पण त्याला रोज सकाळी ती नावं नुसती पाहावीशी वाटायची. त्यात काय बिघडतंय?

रविवारी लॅपटॉप उठला तेव्हा चित्राच्या मधोमध एक खिडकी उघडी होती. स्थापनेची. पहिलंच पान, भाषा विचारणारं. शंभरेक भाषांची यादी, आणि तीत मराठीवर पट्टी येऊन थांबलेली.

कालच आपला हात लागला असेल, असं त्याला वाटलं. त्यानं खिडकी बंद केली, नावं पाहिली, लॅपटॉप बंद केला.

सोमवारी खिडकी पुन्हा उघडी. भाषेचं पान मागं पडलं होतं, कीबोर्डचंही. आता विचारलं जात होतं, लिनक्स कुठं बसवायचं? दोन पर्याय होते. त्यातला दुसरा, 'डिस्क पुसून स्थापना करा', त्याच्यापुढच्या वर्तुळात ठिपका होता.

ज्योतीरामनं खिडकी बंद करून पेनड्राइव्ह उपटलाच. दुपारी टपरीवर निरंजनला गाठलं.

"काका, तसं होणारच नाही," निरंजन हसत म्हणाला. "लाइव्ह आहे ते. बंद केलं की झालेलं सगळं विसरतं. काल तुम्ही काय केलं, हे त्याला आज माहीतच नसतं."

"मग आज फुडचं पान कसं?"

"तुमच्याकडूनच क्लिक झालं असेल."

असेलही. चौतीस वर्षं मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाला एक गोष्ट ठाऊक असते: मशीन आपणहून काही करत नाही, कुणीतरी कुठंतरी हात लावलेला असतो. ज्योतीरामनं घरातल्या हातांची यादी केली. तो आणि रुक्मिणीबाई. तिला तर लॅपटॉप चालूही करता येत नव्हता.

४

मंगळवारी त्यानं टेबलाकडे जायचं नाही असं ठरवलं. पेपर वाचला, डबा पुसला, बूट पॉलिश केले. अकरा वाजता तो लॅपटॉपसमोर बसलेला होता.

खिडकी उघडी. ह्या वेळच्या पानावर वर लिहिलं होतं, 'तुम्ही कोण आहात?' खाली तीन चौकटी. तुमचं नाव: करिष्मा. संगणकाचं नाव: घर. पासवर्डच्या चौकटीत काळे ठिपके आणि पुढं हिरव्या अक्षरांत शेरा, 'मजबूत'.

नावाच्या शेवटच्या अक्षरानंतर कर्सरची उभी रेघ लुकलुकत होती.

बाहेर कुणाच्या तरी दारावर कुरियरवाला हाक मारत होता. भीतीआधी त्याला जे वाटलं ते सांगायलाच हवं: त्याला बरं वाटलं. चौदा महिन्यांनी तिचं नाव कुणीतरी नव्यानं लिहिलं होतं. कागदपत्रांवर 'मयत' जोडून नव्हे, नुसतं.

मग डोकं चालायला लागलं. आपणच तर पेनड्राइव्हला तिचं नाव दिलं. तेच आलं असणार. त्यानं निरंजनला फोन लावला.

"पेनड्राइव्हचं लेबल लिनक्स वाचतच नाही काका. आणि तुम्ही तर इंग्रजीत टाकलं होतं."

हे अक्षर मराठी होतं.

फोन ठेवल्यावर ज्योतीरामला आपली चूक कळली. कंपनीत मशीनमध्ये हात घालायच्या आधी वीज तोडायची, तिथं आपलं कुलूप घालायचं आणि आपल्या नावाचा टॅग लटकवायचा. टॅग दिसला की समजायचं, हा माणूस आत आहे. नव्या पोरांना तो पहिल्याच दिवशी बजावायचा: जो तिथं नाही, त्याच्या नावाचा टॅग कधी लावायचा नाही. जागा धरलेली दिसते, आत कोण आहे ते कळत नाही. शेकडो जणांना शिकवलेली ही गोष्ट त्यानं टपरीवर बसून स्वतःच मोडली होती.

त्यानं तिचं नाव खोडलं. एकेक अक्षर गेलं. तो पाणी प्यायला उठला, माठातून पेला भरला, तिथंच उभ्यानं प्यायला. परत आला तर नाव जागेवर होतं आणि रेघ लुकलुकत होती.

५

लॅपटॉपचा पंखा घरघरत होता, पण त्याखाली आणखी एक आवाज होता. ज्योतीरामचा कान अशा बाबतीत सहसा चुकायचा नाही. त्यानं हत्यारांच्या डब्यातून लांब स्क्रूड्रायव्हर काढला. बेअरिंग ऐकतात तसं टोक लॅपटॉपच्या पाठीला टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला.

डिस्क फिरत होती. लिनक्स पेनड्राइव्हवरून चाललेलं, फोल्डर बंद; डिस्कला खरं तर काही काम नव्हतं. तरी ती चालत होती. थोडा वेळ करकर, मग थांबणं. पुन्हा करकर, पुन्हा थांबणं. त्यानं सवयीनं मोजलं. अकरा वेळा. मग लांब शांतता, आणि पुन्हा पहिल्यापासून अकरा. कुणीतरी एकेक फाइल उघडत होतं, शेवटपर्यंत ऐकत होतं आणि पुढं जात होतं. पाठ होईपर्यंत धडा वाचावा तसं.

"काय ऐकालाव?"

रुक्मिणीबाई मागं उभी होती. तिची नजर स्क्रीनवर गेली. तिला वाचायला वेळ लागायचा, पण हे नाव वाचायला लागला नाही.

"ही कुणी लिवलं?"

"म्या न्हाई."

ती खुर्चीच्या पाठीला धरून हळूहळू खाली वाकली. "फुडं काय करायचं असतंय?"

त्यानं तिला सगळं सांगितलं. पुढं एकच बटण आहे. ते दाबलं की डिस्क पुसली जाणार, अकरा व्हिडिओ कायमचे जाणार, आणि ह्या नावाचं कुणीतरी लॅपटॉपमध्ये राहायला येणार.

"कुणीतरी काय? नाव दिसंना व्हय तुमाला? दाबा."

"नाव लिवलं म्हंजी तीच हाय असं न्हाई, रुक्मे. कंपनीत आमी..."

"तुमची कंपनी घरात आनू नका!" तिचा आवाज चिरकला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "त्या अकरामधी ती बोलून झालीय, अवो. तितकंच. हितं तिला अजून बोलायचं हाय."

ज्योतीरामनं पेनड्राइव्ह काढून शर्टाच्या खिशात घातला आणि कामाला निघून गेला. पाळी सुटेपर्यंतच्या सगळ्या तासांत त्याचा हात पुन्हा पुन्हा त्या खिशाकडे जात राहिला. गेटावरच्या सुरक्षारक्षकापुढं तो पहिल्यांदाच खोटं बोलला होता.

६

गुरुवारी सुट्टी. कडक ऊन पडलं होतं आणि खिडकीतून थेट टेबलावर येत होतं. निरंजननं दिलेला हब आणि नवा पेनड्राइव्ह समोर होता. ठरलं होतं ते इतकंच: आधी व्हिडिओ बाहेर काढायचे. ते हातात आले की मग बघू. रुक्मिणीबाईनं एवढं मान्य केलं होतं.

लॅपटॉप उठला. स्थापनेची खिडकी शेवटच्या पानावर होती आणि त्यावर एकच बटण होतं. ज्योतीरामनं ती बाजूला सारली आणि फाइली उचलून नव्या पेनड्राइव्हवर टाकल्या. अकराही सुखरूप गेल्या. एवढं सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

नवा पेनड्राइव्ह बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीला लावला. रुक्मिणीबाई जमिनीवर, टीव्हीच्या अगदी जवळ बसली. पहिला व्हिडिओ सुरू झाला. स्टीलची परात, निवडलेली करडई, हिरव्या बांगड्यांतले तिचेच हात. लसूण ठेचल्याचा आवाज आला. फोडणी तडतडली. मग व्हिडिओतली रुक्मिणीबाई म्हणाली, "दोन मुठी." थोडं थांबून, "न्हाई गं, मोजून कुठं टाकतंय कुनी." पुन्हा थांबून ती हसली. "गप बस, अगाऊ."

मधे कुणीच काही बोललं नव्हतं.

ज्योतीरामनं आवाज वाढवला. रस्त्यावरचा हॉर्न ऐकू आला, कढईवरचं उलथनं ऐकू आलं. रुक्मिणीबाई कुणाला तरी उत्तरं देत होती, आणि जिथं प्रश्न असायला हवे होते तिथं नुसता पंख्याचा वारा होता. दुसरा व्हिडिओ तसाच. तिसरा तसाच.

त्यानं निरंजनला फोन केला.

"बाकी सगळं ऐकू येतंय? फक्त तिचाच आवाज नाही?" निरंजननं विचारलं. "असं होत नाही काका. सगळं एकत्रच रेकॉर्ड झालेलं असतं. एकाच माणसाचा आवाज नाही जात. तुम्ही असं करा, मूळ फाइलींना हात लावू नका. मी संध्याकाळी येतो."

संध्याकाळ सहा तास लांब होती. रुक्मिणीबाई उठली. ती रडत नव्हती.

"ती त्यात न्हाई आता," ती म्हणाली. "तिकडं गेलीय."

७

दोघं आतल्या खोलीत आली. बाहेर टीव्ही आपला चालूच राहिला; चौथ्या व्हिडिओतली रुक्मिणीबाई एकटीच बोलत होती.

ज्योतीराम खुर्चीत बसला. थांबायला हवं, हे त्याला कळत होतं. निरंजन येईल, मूळ फाइल तपासेल, काहीतरी साधंच कारण निघेल. कंपनीत कुणी अशा वेळी बटणाकडे हात नेला असता तर त्यानं तो हात पिरगाळला असता. पण त्याला ती हवी होती. कशीही, कुठंही, तिच्या आवाजातला एक शब्द. त्यानं बायकोकडे पाहिलं, आणि तिनं सांगितलं म्हणून नव्हे, स्वतःच्या मनानं बटण दाबलं.

पट्टी सरकू लागली. रुक्मिणीबाईनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. वीस मिनिटं दोघंही हलली नाहीत. पट्टी भरली. 'स्थापना पूर्ण झाली. पेनड्राइव्ह काढा आणि एंटर दाबा.' त्यानं तसं केलं. पडदा काळा झाला.

आणि बाहेरच्या खोलीतून करिष्मा म्हणाली, "अगं आई, मुठीनं नको ना सांगू. लोकांना चमच्यानं कळतं."

दोघांना एकदमच तो आवाज ओळखू आला. थोडा घोगरा, शेवटच्या शब्दाला वर जाणारा. इतका साधा आवाज आपण कसा विसरलो?

रुक्मिणीबाई धावली. "बोलालीय! अवो, बोलालीय ती!" रिमोटची बटणं दाबली गेली, व्हिडिओ मागं गेला, पुढं गेला. "पयल्यात बी हाय! मगाशी न्हवतं त्यात बी हाय! सगळ्यात हाय!" ती हसत होती, रडत होती, टीव्हीतल्या प्रश्नांना पुन्हा उत्तरं देत होती.

ज्योतीराम उठायला गेला आणि अर्धवट उठलेलाच राहिला. आवाज तिथंच होता. पहिल्यापासून, प्रत्येक फाइलीत. बटण दाबेपर्यंत तो त्यांना ऐकू दिला गेला नव्हता, एवढंच. त्याची मुलगी बाहेर टीव्हीत होती, जितकी उरली होती तितकी, अकरा व्हिडिओंची. मग त्यानं ही जागा पुसून कुणाला दिली?

काळ्या पडद्यावर उजेड आला. मधोमध नाव होतं, करिष्मा, आणि खाली पासवर्डची रिकामी चौकट. त्याचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यावर होते. चौकटीत एक ठिपका उमटला. थोड्या वेळानं दुसरा. घाई नव्हती. कीबोर्डवरचं एकही बटण खाली जात नव्हतं आणि ठिपके वाढत होते.

"अप्पा, या ना," बाहेरून करिष्मा म्हणाली. "चव बघा आणि खरं सांगा."

"या की अवो!" रुक्मिणीबाई ओरडली. "तुमाला बलवालीय!"

चौकट नाहीशी झाली. लॅपटॉप खुला झाला. पडद्यावर काहीच नव्हतं, नुसता खोल काळोख, आणि त्यातून, अगदी जवळून, त्याच घोगऱ्या आवाजात, शेवटच्या शब्दाला तसंच वर जात कुणीतरी म्हणालं, "अप्पा, या ना."

"येतो," ज्योतीराम म्हणाला. कुणाला म्हणाला, ते त्याला सांगता आलं नसतं.